भाऱ्याची गाठ

"ए, काळी चड्डी! थांब. तूच, तूच."

शिट्टी माझ्यासाठी होती. बाकीच्या मुली माझ्या बाजूने पळत पुढे गेल्या आणि मी नाशिकच्या त्या मैदानावर, धावपट्टीच्या मधोमध एकटी उभी राहिले. सर दोन पावलं पुढे आले. गळ्यात स्टॉपवॉच, डोक्यावर पांढरी टोपी. मागे खुर्च्यांवर आमच्या वसतिगृहाच्या समितीची माणसं बसली होती. त्यांचा चहा चालू होता.

"काय चाललंय हे?" सर म्हणाले. हातातली शिट्टी त्यांनी माझ्या छातीच्या दिशेने हलवली. "आधी ते आवर. मग पळ."

खुर्च्यांवरची माणसं हसली. मोठ्याने नाही. सभ्य माणसं मोठ्याने हसत नाहीत, कपात तोंड घालून हसतात.

अठरा वर्षांची होते मी. नुकतीच बारावी झाले होते. एकोणीसशे नव्वदचं दशक संपत आलं होतं. आवर म्हणजे काय करू? केस आवरतात, घर आवरतात. जे माझ्या अंगाला लागूनच आलंय ते कसं आवरायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी दोन्ही हात छातीवर घट्ट धरले आणि तशीच पळाले. शेवटची आले. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "असं असेल तर कठीण आहे."

कठीण आहे म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत होतं.

आमचा पाडा पेठच्या पुढे, डोंगरात. आम्ही कोकणा आदिवासी. भात आणि नागली पिकते ती चार महिने पुरते. मग माणसं टोळी करून दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत जातात, ती थेट होळीला परततात. मीही लहानपणी आईबरोबर जायचे. शाळेत असताना तालुक्याच्या शर्यतीत अनवाणी पळून पहिली आले आणि माझं नशीब फिरलं. नाशिकला एका संस्थेचं खेळाडूंचं वसतिगृह होतं, तिथे मला खाट मिळाली. खाट मिळाली म्हणून कॉलेजात नाव लागलं. दोन वेळचं जेवण, सकाळी दूध, केळं. सगळं माझ्या पायांवर उभं होतं. पाय हरले की खाट जाणार, खाट गेली की कॉलेज जाणार, आणि मी पुन्हा टोळीच्या ट्रकमध्ये चढणार.

आणि माझे पाय हरत नव्हते. हेच तर कुणाला सांगता येत नव्हतं.

आता जे सांगते ते चारचौघांत कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम सविस्तर सांगते. बाई पळते तेव्हा तिचे स्तन नुसते वर-खाली होत नाहीत. ते बाजूलाही ओढले जातात, पुढेही फेकले जातात. पाय जमिनीवर आदळतो तेव्हा ते अजून वरच असतात, आणि पाय उचलला की धपकन खाली येतात. सगळं अंग एका तालात, ते दुसऱ्याच तालात. एक फेरी झाली की काखेजवळ दुखायला लागतं. आतून कुणी कातडी खेचतंय असं वाटतं. तिसऱ्या फेरीला ते दुखणं खांद्यापर्यंत चढतं. मेन रोडवरच्या दुकानातून घेतलेली सुती बॉडी होती माझ्याकडे, मागे दोन हुक. तिचे पट्टे खांद्यात रुतायचे. खालची कड घामाने भिजून घासायची आणि तिथली कातडी सोलून निघायची. अंघोळीचं पाणी पडलं की मी ओठ चावून उभी राहायचे. बॉडीवर बॉडी घालून पाहिली. एक नंबर लहान घेऊन पाहिली. तिचे हुक दुसऱ्याच दिवशी पळता पळता तुटले आणि मी पोटात कळ आल्याचं नाटक करून कडेला बसले.

ते हलू नयेत म्हणून मी काय करायचे? कोपर अंगाला चिकटवायचे. खांदे पुढे पाडायचे. पाऊल लहान टाकायचे. आणि सर कडेने ओरडायचे, "हात मोकळे सोड! खांदे वर! पाऊल मोठं टाक, मोठं!" त्यांचं सगळं बरोबर होतं. फक्त मी असं का पळते, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मीही एकदाही बोलले नाही. त्यांना लाज वाटत होती, मला त्याहून जास्त. त्या लाजेपायी माझी वेळ दर आठवड्याला वाढत होती.

आमच्याबरोबर केतकी नावाची मुलगी सरावाला यायची. वसतिगृहात राहणारी नाही, गंगापूर रोडवरची, स्कुटीवर यायची. तिचे वडील डॉक्टर आणि आमच्या समितीत. एकदा कपडे बदलायच्या खोलीत मी तिच्या अंगात एक वेगळीच गोष्ट पाहिली. हुक नाहीत. खांद्यावर रुंद पट्टे, पाठीवर एकमेकांना ओलांडून गेलेले. कापड जाड, ताणलं जाणारं. मी हात लावून पाहिला. मला राहवलंच नाही.

"ही कुठे मिळते गं?"

"इथे नाही मिळत. आत्याने अमेरिकेहून पाठवलीय. पळायसाठीच असते ही," केतकी म्हणाली आणि टॉवेलमध्ये गुंडाळून तिने ती पिशवीत ठेवली.

मुलगी वाईट नव्हती. पण त्या दिवशी मला कळलं की जगात यावर उपाय आहे. आजवर वाटत होतं माझं अंगच चुकीचं आहे. आता कळलं, अंग चुकीचं नाही, फक्त उपाय माझ्यापर्यंत येत नाही. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. मला रडू आलं.

दिवाळीला घरी गेले. आई अंगणात भात झोडत होती. तिला मी आत नेलं आणि पोलकं वर करून दाखवलं. ती बघत राहिली. मग शिंकाळ्यातली मोहाच्या तेलाची बाटली काढली आणि एकेका जखमेवर बोट फिरवत गेली.

"एवढं झालं आन् तू बोलली नाय?"

"कोणाला बोलू?"

तेल लावून झालं आणि तिने स्वतःच्या अंगावरची फडकी काढली. आमच्या बाया लुगड्यावर खांद्यावरून घेतात तो कपडा. तिने ती चौपदरी घडी केली, माझ्या छातीभोवती गुंडाळली, मला पाठमोरी केलं, पाठीला गुडघा टेकवला आणि ओढली. मग पाठीवर गाठ मारली.

"हाल आता."

मी उडी मारली. काहीच हललं नाही. पुन्हा मारली. चुलीभोवती दोन फेऱ्या मारल्या. आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेरून बापाने विचारलं, काय झालं. आई म्हणाली, "काय नाय. पोर पळती."

ती गाठ कोणती होती ते सांगते, कारण सगळं त्या गाठीवरच आलं. आमच्याकडे लाकडाचा भारा बांधायची एक गाठ आहे. डोंगर उतरताना लाकडं हलतात, सरकतात, दबून बसतात. साधी गाठ अशा वेळी सैल पडते. ही पडत नाही. भारा जेवढा हलेल तेवढी ही आवळत जाते. घरी आल्यावर ती बोटांनी सुटत नाही, कोयत्याचं टोक घालावं लागतं. आईच्या हाताला तीच एक सवय. माझ्याही डोळ्यांना तीच. लाकूड श्वास घेत नाही, हे आमच्या दोघींच्या डोक्यात आलं नाही.

नाशिकला परत आले. माझ्या खोलीत सुमन होती, आमच्याच बाजूची, भालाफेक करायची. रोज पहाटे ती मला फडकी बांधायची. सरावाला छोटं अंतर असायचं, त्यामुळे काही जाणवलं नाही. उलट हात सुटले, खांदे वर आले. सर स्टॉपवॉच बघून म्हणाले, "आता कसं!" मला वाटलं, सुटले. त्या दोन-तीन आठवड्यांत मी जितकी खूश होते तितकी नंतर कधीच झाले नाही, हे आज लिहायलाही जीव जातो.

मग निवडीची शर्यत आली. तीन हजार मीटर, साडेसात फेऱ्या. यातून विद्यापीठाच्या संघाची नावं निघणार होती आणि वसतिगृहात पुढच्या वर्षी कोण राहणार तेही. सुमनला म्हटलं, आज घट्ट बांध. तिने जीव लावून ओढली. आईसारखाच पाठीला गुडघा लावून.

पहिल्या तीन फेऱ्या मी पळाले नाही, उडाले. केतकी मागे, सगळ्याच मागे. चौथ्या फेरीला श्वास अर्ध्यावरच थांबायला लागला. वाटलं, दमले असेन. नाकाने ओढला, तोंडाने ओढला, आत जागाच नाही. पाय तर मागत होते! पायांत अजून सगळं शिल्लक होतं. घामाने फडकी भिजली होती, दर पावलाला गाठ केसभर आणखी आवळत होती. पाचव्या फेरीला मैदानाची कड पिवळी दिसायला लागली, मग काळी. मी मागे हात नेऊन गाठ चाचपली. दगड झाली होती. थांबून कुणाला सांगू का, सोडा म्हणून? मग ते बघतील ना, आत काय बांधलंय. म्हणून नाही थांबले. गुदमरून मेले तरी चालेल पण दिसायला नको, हा विचार मी स्वतः केला. मला तो कुणी करायला लावला नव्हता. पण पेरला कुणी, ते आज मला नीट दिसतं.

पडले तेव्हा वळणावर होते.

शुद्धीवर आले तेव्हा मी पालथी होते आणि माझा टी-शर्ट मानेपर्यंत वर गेलेला. भोवती पायच पाय. बूट, चपला. कुणीतरी नखाने गाठ उकलायला बघत होतं. "सुटत नाहीये हो." "कात्री आणा, पेटीत असेल." गार लोखंड पाठीला लागलं. करकर आवाज आला आणि एकदम छातीत हवा शिरली. इतकी की मी ओरडले.

सुमन धावत आली आणि तिने माझ्यावर स्वतःचा टॉवेल टाकला. तोवर सरांनी कापलेली फडकी शिट्टीच्या दोरीसारखी दोन बोटांवर उचलली होती. आईची फडकी. वर धरून त्यांनी ती खुर्च्यांना दाखवली.

"बघा! स्वतःला लाकडाची मोळी समजून बांधून आलीय. कुठल्या जंगलातून येतात ही पोरं!"

या वेळी सगळे मोठ्याने हसले. पळणाऱ्या मुलीही हसल्या. डॉक्टर, केतकीचे वडील, जवळ आले, माझी नाडी धरली, म्हणाले, "काही नाही, जरा हवा येऊ द्या." आणि तोंड दुसरीकडे फिरवून उभे राहिले.

सोमवारी मला ऑफिसात बोलावलं. टेबलामागे सर, डॉक्टर आणि समितीचे अध्यक्ष. मला बसायला सांगितलं नाही. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वखुशीने वसतिगृह सोडत आहे, असं त्यावर लिहिलेलं. खाली माझं नाव, सहीची जागा मोकळी.

"बाळा, हे तुझ्याच भल्यासाठी आहे," अध्यक्ष म्हणाले. "प्रत्येकाचं शरीर पळण्यासाठी नसतं."

सरांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्यासमोर ठेवलं. मी ते उचललंही. खोटं कशाला सांगू? सही करणारच होते. आम्हाला सहीची जागा दाखवली की आम्ही करतो, आमच्या हाडातच ते आहे. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मी डॉक्टरांकडे पाहिलं.

"डॉक्टर, पळताना स्तन हलतात. दुखतात. कातडी सोलून रक्त येतं. त्याला काय करायचं?"

अध्यक्षांनी चष्मा काढला. सर खिडकीकडे बघायला लागले. डॉक्टरांचे कान लाल झाले. हजार बायका तपासल्या असतील या माणसाने.

"हा विषय इथे नको," ते म्हणाले.

"मग कुठे? मैदानावर चालला. चहा पिताना चालला. माझी पाठ उघडी करून चालला. इथे का नको?"

"तोंड सांभाळून बोल!" सर ओरडले.

माझा आवाज लटपटला नाही, याचं मलाच नवल वाटलं. मी म्हटलं, "तुमच्या केतकीकडे आहे ती वस्तू. पळायसाठीची. तुम्हाला माहीत आहे. सरांना सांगा ती काय असते. त्यांना खरंच माहीत नसेल. मी जंगलातून आले म्हणून मला माहीत नव्हतं. तुम्ही तर इथलेच."

डॉक्टरांनी मान खाली घातली. त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. आजवर मान खाली घालायचे ती मी. समोर तीन मोठी माणसं, शिकलेली, आणि एका साध्या शब्दाला घाबरलेली. त्यांना लाजायला नको म्हणून मी माझा श्वास बांधून घेतला होता. गाठ आईने मारली होती खरी, पण ती मारायची वेळ आणली यांनी.

मी पेनचं टोपण लावलं आणि पेन त्यांच्या कागदावर ठेवलं.

"मी स्वखुशीने जात नाही. काढायचं तर काढा. पण तसं लिहा. काढलं, असं लिहा."

त्यांनी काढलं. कागदावर काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. दोन दिवसांत खाट रिकामी करायला लावली. सुमन स्टँडपर्यंत आली, मला खिडकीतून केळी दिली.

घरी आईला कापलेली फडकी दाखवावी लागली. लपवणार तरी कुठे? तिने कापलेल्या जागेवरून हात फिरवला, गाठीकडे बघितलं. ती अजून तशीच घट्ट होती, बाजूच्या कापडासकट. आणि ती मटकन खाली बसली.

"माझीच गाठ चुकली. मीच पोरीला मारत होते."

मी तिला शंभर वेळा सांगितलं, तुझं चुकलं नाही. तिला पटलं नाही. शेवटपर्यंत पटलं नाही. त्या माणसांनी मला दिलेलं सगळं मी एक वेळ विसरेन, हे नाही विसरणार.

त्या वर्षी आणि पुढची दोन वर्षं मी दिंडोरीला बागेत होते. दिवसभर हात वर करून द्राक्षाचे घड औषधाच्या मगात बुडवायचे. खांदे भरून यायचे. वय एकोणीस, वीस, एकवीस. पळणाऱ्या माणसाची सोन्याची वर्षं. ती मला कुणी परत देणार नाही. लोक म्हणतात, जे झालं ते चांगल्यासाठी झालं. चुलीत घाला तुमचं चांगलं. मी विद्यापीठाच्या संघात असते. कदाचित त्याच्याही पुढे. नसतेही कदाचित, पण ते माझ्या पायांनी ठरवलं असतं.

बागेत काम करत बाहेरून बीए केलं, मग खेळशिक्षकाचा कोर्स. आज मी आमच्याच डोंगरातल्या एका आश्रमशाळेत खेळ शिकवते. नोकरी कंत्राटी आहे. मोठ्या वर्गातल्या मुली पळतात, आणि त्या कोपर अंगाला चिकटवून पळतात. मी लांबूनच ओळखते. आता ती वस्तू नाशिकच्या दुकानांत लटकलेली दिसते, मोबाइलच्या दुकानाशेजारी. अमेरिकेहून यावी लागत नाही.

यंदा शाळेने खेळाच्या साहित्याची यादी मागितली. मी लिहिलं: फुटबॉल, व्हॉलीबॉलची जाळी, लेझीम, आणि मुलींसाठी पळायच्या ब्रा, प्रत्येकीच्या मापाच्या. मुख्याध्यापकांनी शेवटच्या ओळीवर लाल रेघ मारली.

"मॅडम, असलं काही साहित्यात बसत नाही."

"बूट बसतात?"

"बूट वेगळे."

"पायांचं नाव घ्यायला लाज वाटत नाही म्हणून?"

त्यांनी यादी परत केली. मी नवी लिहिली, तीच ओळ आता सगळ्यांत वर. तीही परत आली. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी नावं मागितली तेव्हा मी मुलींना वर्गात बसवलं, फळ्यावर चित्र काढून सगळं सांगितलं, अवयवांची नावं घेऊन, आणि विचारलं, अशाच पळणार का? त्यांनी आधी माना खाली घातल्या. मग एकेक करून नाही म्हणाल्या. एक रडली, कारण तिला जिंकायची खात्री होती. मी तिला समजावलं नाही. तिचं रडणं खरं होतं.

मुलींच्या नावांचा कागद मी कोरा दिला. खाली कारण लिहिलं आणि सही केली. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही मुलींचं नुकसान करताय." होय, करतेय. हे नुकसान आजवर गुपचूप होत होतं, आता ते माझ्या सहीनिशी शाळेच्या दप्तरात आहे. माझं कंत्राट मार्चमध्ये संपतं आणि ते पुढे चालू होणार नाही, हे मला सांगून झालंय. तोवर दर सोमवारी ही यादी त्यांच्या टेबलावर असेल. मार्चनंतर मी ती फाटकाबाहेर उभी राहून आत देईन.